अँग्लो-सॅक्सन चांदीच्या नाण्यांचा संग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही नाणी नेमकी कोणत्या काळातील आहेत?

पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन सत्ता ब्रिटनमधून निघून गेली आणि तेथे येणाऱ्या नव्या नाण्यांचा ओघ आटला. त्यानंतर जवळजवळ दोन शतके त्या बेटावर स्वतःची अशी नाणी पाडली गेली नाहीत. सातव्या शतकात आग्नेय इंग्लंडमध्ये अँग्लो-सॅक्सन लोकांची, म्हणजे रोमनांनंतर तेथे येऊन वसलेल्या जर्मानिक लोकांची, सोन्याची लहान नाणी निघू लागली. हँपशरमधील क्रॉन्डल येथे १८२८ मध्ये सापडलेल्या निधीमुळे, म्हणजे एकत्र दडलेल्या नाण्यांच्या साठ्यामुळे, त्यांची चांगली ओळख झाली. या सोन्यात चांदीची खोट उत्तरोत्तर वाढत गेली आणि इ.स. ६७५च्या सुमारास सोने सोडून देऊन चांदीचे नाणे आले. तेथपासून १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकेपर्यंतच्या सुमारे चारशे वर्षांतील नाणी या संग्रहात येतात. या साऱ्या काळात व्यवहाराचे मुख्य नाणे एकच होते, ते म्हणजे चांदीची पेनी. एका पौंडाच्या २४० पेनी हा हिशेब याच काळात रूढ झाला आणि ब्रिटनमध्ये तो १९७१ पर्यंत टिकला.

‘शॅट’ आणि ‘पेनी’ यांत काय फरक आहे?

खरे पाहता दोन्ही पेनीच आहेत. साधारण ६७५ ते ७६० या काळातील लहान, जाड नाण्यांना संग्राहक ‘शॅट’ म्हणतात. हा शब्द जुन्या कायदेसंहितांतून उचलून नंतरच्या अभ्यासकांनी या नाण्यांना चिकटवला, आणि त्या काळचे लोक त्यांना बहुधा पेनीच म्हणत असावेत. शॅटचा व्यास १० ते १३ मिलिमीटर आणि वजन साधारण एक ते सव्वा ग्रॅम असते, म्हणजे करंगळीच्या नखावर सहज मावेल एवढे ते नाणे असते.

मला स्वतःला या चारशे वर्षांतील सर्वांत मोहक नाणी हीच वाटतात. बहुतेक शॅटवर राजाचे नाव नसते. त्याऐवजी पक्षी, द्राक्षवेली, वेटोळे घातलेले लांडगे, मागे वळून पाहणारे काल्पनिक प्राणी आणि हातात क्रूस धरलेली माणसे असतात. काहींवर रून लिपीत छोटी नावे कोरलेली असतात. स्टुअर्ट रिगोल्ड या अभ्यासकाने १९७७ मध्ये या नाण्यांची रोमन अक्षरांनुसार मालिकांमध्ये वर्गवारी केली आणि आजही सर्व याद्या तीच वर्गवारी पाळतात. ए, बी आणि सी या मालिका आरंभीच्या काळातील असून त्यांचा संबंध प्रामुख्याने केंटशी जोडला जातो. एच मालिका हॅमविक, म्हणजे आजच्या साउथॅम्प्टनजवळच्या जुन्या बंदराची आहे. वाय मालिका उत्तर इंग्लंडमधील नॉर्थंब्रिया या राज्याची असून तिच्यावर मात्र राजाचे नाव येते. ई मालिकेतील नाण्यांना त्यांच्यावरील काटेरी आकृतीमुळे ‘साळिंदर’ असे टोपणनाव पडले आहे. ती मुख्यतः समुद्रापलीकडे, आजच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरील फ्रिसियात पाडली गेली, तरी इंग्लंडमध्ये ती विपुल सापडतात. त्या काळी उत्तर समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच बाजार चालत होता, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण आहे.

एवढी चांदी आली कोठून?

हा प्रश्न अनेक पिढ्या अनुत्तरित होता. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयातील ४९ नाण्यांच्या धातूचे विश्लेषण करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, आरंभीच्या नाण्यांची चांदी बायझंटाइन साम्राज्यातून कधी काळी आलेली भांडी आणि तबके वितळवून मिळवलेली दिसते. आठव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र फ्रान्समधील मेल येथील खाणींची चांदी वापरात आलेली दिसते. चर्चमधील किंवा सरदारांच्या घरातील मौल्यवान भांडी मोडून त्यांतून व्यवहाराचे चलन उभे राहिले, असे हे चित्र आहे.

ऑफा राजाच्या नाण्यांना एवढे महत्त्व का आहे?

ऑफाने मध्य इंग्लंडमधील मर्सिया या राज्यावर ७५७ ते ७९६ अशी जवळजवळ चाळीस वर्षे राज्य केले. त्याच्या कारकिर्दीत नाणे पातळ आणि रुंद झाले आणि त्यावर राजाचे व टांकसाळ चालवणाऱ्या माणसाचे नाव नियमाने येऊ लागले. रुंद पेनीची ही पद्धत आजच्या फ्रान्स-जर्मनीतील फ्रँक लोकांच्या राज्यातील ‘देनिए’ या चांदीच्या नाण्यावरून आली होती, परंतु ऑफाच्या कारागिरांनी कोरलेले चेहरे, केशरचना आणि अलंकरण यांचा दर्जा तत्कालीन युरोपात क्वचितच आढळतो. त्याची राणी किनेथ्रिथ हिच्या नावाने आणि चेहऱ्यासह पाडलेली पेनी ही तर एकमेव गोष्ट आहे, कारण दुसऱ्या कोणत्याही अँग्लो-सॅक्सन राणीच्या नावाची नाणी ज्ञात नाहीत.

ऑफाचे एक सोन्याचे नाणेही प्रसिद्ध आहे आणि आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अब्बासी खलिफा अल-मन्सूर याच्या हिजरी १५७, म्हणजे इ.स. ७७४च्या दिनारची ती नक्कल आहे. अरबी लेखाच्या मधोमध रोमन अक्षरांत ‘ऑफा रेक्स’ असे कोरले आहे, आणि राजाचे नाव अरबी मजकुराच्या तुलनेत उलटे येते. ठसा कोरणाऱ्याला अरबी वाचता येत नव्हते हे त्यावरून उघड होते. ते चांदीचे नाही आणि कोणाच्या खासगी संग्रहात कधी येणारही नाही, पण त्याचे छायाचित्र एकदा तरी निरखून पाहावे.

पेनीवरील लेख कसा वाचायचा?

ज्यांनी शिवराई वाचली आहे, त्यांना तुकड्या-तुकड्यांतून लेख जुळवण्याची सवय असतेच. शिवराईत ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असल्यामुळे ‘श्री राजा शिव’मधील एखादे अक्षर हमखास कडेबाहेर जाते. शॅटमध्येही असेच घडते. नंतरच्या रुंद पेनीवर मात्र लेख बहुधा पूर्ण उमटतो आणि तेथे अडचण अक्षरांच्या वळणांची येते.

पुरोभागावर राजाचे नाव आणि पदवी असते, तर पृष्ठभागावर, म्हणजे मागच्या बाजूस, टांकसाळ्याचे नाव आणि गाव असते. एथेलरेड दुसरा या राजाच्या एखाद्या पेनीच्या पृष्ठभागावर रोमन अक्षरांत ‘लिओफपिने मो लुंड’ असे दिसते. यातील ‘प’सारखे दिसणारे चिन्ह रोमन ‘पी’ नसून ‘विन’ नावाचे जुने इंग्रजी अक्षर आहे आणि त्याचा उच्चार ‘व’ होतो. म्हणून ते नाव ‘लिओफविने’ असे वाचायचे. ‘मो’ हा टांकसाळ्या या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा संक्षेप असून ‘लुंड’ म्हणजे लंडन. ‘एओफ’ दिसले तर यॉर्क, ‘लिंक’ दिसले तर लिंकन आणि ‘विन’ अक्षराने सुरू होणारे ‘विंट’ दिसले तर विंचेस्टर समजावे. ‘थ’ उच्चाराची दोन अक्षरे, म्हणजे थॉर्न आणि एथ, यांची ओळख झाली की एका रविवारच्या अभ्यासात बहुतेक लेख लागू लागतात.

गावाचे नाव प्रत्येक नाण्यावर असण्याचा नियम एडगर राजाने ९७३च्या सुमारास केलेल्या सुधारणेपासून पक्का झाला. तत्पूर्वी टांकसाळ्याचे नाव असे, पण गावाचे नाव क्वचितच असे. एडगरनंतर साऱ्या इंग्लंडमध्ये एका वेळी एकाच नमुन्याचे नाणे चालू लागले. काही वर्षांनी तो नमुना रद्द होई, लोक जुनी नाणी टांकसाळीत देऊन नवी घेत आणि त्या अदलाबदलीत राजाचा वाटा निघे. साठाहून अधिक गावांत टांकसाळी असताना ही शिस्त पाळली गेली, हे अकराव्या शतकातील युरोपच्या मानाने विलक्षण राज्ययंत्र होते. संग्राहकाच्या दृष्टीने याचा लाभ असा की राजाचे नाव आणि नमुना कळला की बहुतेक नाण्यांचा काळ पाच-सहा वर्षांच्या आत ठरवता येतो.

इंग्लंडची इतकी नाणी स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये का सापडतात?

एथेलरेड दुसरा (९७८ ते १०१६) याच्या काळात स्कँडिनेव्हियातून येणाऱ्या व्हायकिंगांच्या स्वाऱ्या पुन्हा सुरू झाल्या आणि त्यांना परत पाठवण्यासाठी खंडणी द्यावी लागली. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तानुसार ९९१ मध्ये १०,००० पौंड दिले गेले, आणि कनूट राजा झाल्यावर १०१८ मध्ये हा आकडा ७२,००० पौंडांवर गेला. यात व्यापारातून गेलेल्या चांदीची भर पडली. परिणामी एथेलरेडची जेवढी नाणी इंग्लंडच्या मातीत सापडली, त्याहून अधिक स्कँडिनेव्हियात सापडली आहेत. तेथे नाणे मोजून घेण्यापेक्षा वजनाने घेत, आणि चांदीचा कस पाहण्यासाठी सुरीच्या टोकाने टोचून पाहत. या टोचांमुळे नाण्याची किंमत कमी होते, तथापि मी त्यांना दोष मानत नाही. गॉटलंड या स्वीडिश बेटावरच्या एखाद्या व्यापाऱ्याने हजार वर्षांपूर्वी घेतलेली ती परीक्षा आहे.

याच राजाचा १००९ सालचा ‘आग्नुस देई’ (लॅटिनमध्ये ‘देवाचे कोकरू’) नमुना येथे सांगावासा वाटतो. व्हायकिंगांचे मोठे सैन्य दाराशी आले असता राजाने साऱ्या देशाला उपवास आणि प्रार्थना करण्याचा हुकूम दिला, आणि त्या सुमाराच्या नाण्यांवरून स्वतःचा चेहरा काढून एका बाजूस कोकरू व दुसऱ्या बाजूस कबुतर, म्हणजे ख्रिस्त आणि पवित्र आत्मा यांची चिन्हे ठेवली. हा नमुना अल्पकाळ चालला आणि तो अतिशय दुर्मीळ आहे.

नवख्या संग्राहकाने कोणत्या नाण्यापासून सुरुवात करावी?

एथेलरेड किंवा कनूट यांची लंडन, लिंकन अथवा यॉर्कची पेनी हे उत्तम पहिले नाणे ठरते. ती तुलनेने विपुल आहेत, त्यांवरील लेख वाचता येतो आणि टांकसाळ्याचे नाव हाती लागल्यावर अभ्यासाला दिशा मिळते. शॅटची आवड असेल तर साळिंदर मालिकेतील एखादे नाणे घ्यावे. नवव्या शतकातील नॉर्थंब्रियाची ‘स्टायका’ नाणी सर्वांत स्वस्त मिळतात, परंतु त्यांतील चांदी घटत जाऊन शेवटी ती तांब्याचीच उरली होती. आल्फ्रेड, हॅरॉल्ड आणि ऑफा यांच्या नाण्यांमागे आरंभीच धावू नये, कारण नावाची प्रसिद्धी तेथे किमतीत भरलेली असते.

किंमत कशावर ठरते?

राजा, टांकसाळ, चेहऱ्याची स्पष्टता, धातूची स्थिती आणि मागील इतिहास या पाच गोष्टींवर. सामान्य राजाची पण लहानशा गावातील टांकसाळीची पेनी अनेकदा प्रसिद्ध राजाच्या लंडनच्या पेनीहून महाग जाते. तडा, भोक आणि तुटलेली कड यांमुळे भाव बराच उतरतो, आणि अभ्यास हाच हेतू असलेल्या माणसाला अशीच नाणी परवडतात. पेनी मधोमध कापून अर्धी आणि चौथाई करण्याची तेव्हा पद्धत होती, म्हणून कापलेले नाणे खराब समजू नये.

नाणे कोठे सापडले हे विचारणे इतके आवश्यक का आहे?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर एका उदाहरणाने देतो. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये नवव्या शतकाच्या अखेरचे दोन निधी सापडले. ऑक्सफर्डशरमधील वॉटलिंग्टनचा निधी शोधणाऱ्याने रीतसर कळवला. तज्ज्ञांनी मातीचा गोळा जसाच्या तसा उचलून प्रयोगशाळेत उकलला आणि तो पुढे ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आला. त्यात दक्षिण इंग्लंडमधील वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ दुसरा यांची एकाच नमुन्याची नाणी निघाली, आणि त्यांपैकी ‘दोन सम्राट’ नावाच्या नमुन्यावर दोन राजे शेजारी-शेजारी बसलेले आहेत. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्ताने केओलवुल्फला राजाचा बुद्धिहीन सेवक म्हणून हिणवले आहे. नाणी मात्र सुचवतात की तो आल्फ्रेडचा बरोबरीचा मित्र होता आणि त्याचे नाव पुढे जाणीवपूर्वक पुसले गेले असावे.

दुसरा निधी हेरफर्डशरमध्ये लेमिन्स्टरजवळ सापडला. शोधणाऱ्यांनी तो कळवला नाही आणि नाणी गुपचूप विकायला काढली. २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवासाची मोठी शिक्षा झाली, परंतु सुमारे ३०० नाण्यांपैकी तोवर सुमारे तीसच हाती लागली होती. २०२३ मध्ये आणखी ४४ नाण्यांच्या विक्रीच्या प्रयत्नाबद्दल अन्य दोघांना शिक्षा झाली. या निधीतही ‘दोन सम्राट’ नमुन्याची नाणी होती. तो एकत्र राहिला असता तर नाणी कोणत्या क्रमाने साठत गेली, कोणत्या टांकसाळी कशाशी जोडलेल्या होत्या आणि निधी कधी पुरला गेला हे कळले असते. आता ते कधीही कळणार नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हे पटवून द्यायला नको. नाशिकजवळील जोगलथेंबी येथे १९०६ मध्ये क्षहरात घराण्यातील राजा नहपान याची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. क्षहरातांचा पराभव त्या एका निधीने डोळ्यांसमोर उभा केला. तीच नाणी एकेक करून सराफांच्या मुशीत गेली असती तर?

म्हणून नाणे घेताना विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: नाणे कोठे व कधी सापडले, ते यापूर्वी कोणाच्या संग्रहात होते, आणि त्याची अधिकृत नोंद झाली आहे काय. ‘जुन्या संग्रहातील’ एवढेच शब्द पुरेसे मानू नयेत. उत्तर टाळले गेल्यास नाणे कितीही सुंदर असले तरी सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रिटनमधील कायदा काय सांगतो?

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडसाठी १९९६चा ‘ट्रेझर ॲक्ट’ लागू आहे. तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकाच ठिकाणी सापडली तर ती ‘ट्रेझर’ ठरतात आणि १४ दिवसांच्या आत कळवावी लागतात. संग्रहालयाला ती हवी असल्यास मूल्यांकन होऊन मोबदला दिला जातो आणि तो बहुधा शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटला जातो. एकटे सापडलेले नाणे सामान्यतः या व्याख्येत बसत नाही, पण ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’कडे स्वेच्छेने त्याची नोंद करता येते आणि ती करावीच. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि अधिक कडक आहे. लंडन, लेस्टर किंवा अन्यत्र राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना धातुशोधक यंत्र घेऊन शेतात जाण्याची इच्छा आहे, त्यांनी आधी जमीनमालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात यंत्र मुळीच नेऊ नये.

असे नाणे भारतात आणता येते काय?

आणण्यापूर्वी दोन बाजू तपासाव्या लागतात. ब्रिटनमधून बाहेर पाठवताना निर्यात परवान्याची गरज आहे काय हे विक्रेत्याने लेखी सांगितले पाहिजे, आणि भारतातील सीमाशुल्काची स्थिती माहीतगार दलालाकडून त्या वेळी समजून घ्यावी. याहून महत्त्वाची बाब पुढची आहे. भारताच्या १९७२च्या पुराण वस्तू आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा कमी नसलेले कोणतेही नाणे पुराण वस्तूच्या व्याख्येत येते, आणि नाणे कोणत्या देशाचे आहे हे ती व्याख्या पाहत नाही. खासगी व्यक्तीला पुराण वस्तूची निर्यात करता येत नाही. पुण्यात आणलेली पेनी पुढे लंडनच्या लिलावात पाठवू, असा बेत असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

खोटे नाणे कसे ओळखावे?

प्रथम वजन करावे. एक शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आता सहज मिळतो. मग भिंगातून नाण्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. ओतीव नक्कलेत बारीक बुडबुडे, गोलसर झालेली अक्षरे आणि कडेला साच्याची रेघ दिसते, तर अस्सल पेनी ठोकीव असल्यामुळे तिच्यावर धातू अक्षरांकडे ओढला गेल्याच्या खुणा असतात. एकोणिसाव्या शतकात संग्रहालयांसाठी विद्युत-विलेपनाने केलेल्या प्रतिकृती दोन पातळ कवचे जोडून बनवत, त्यामुळे कडेवर जोड दिसतो. एकाच ओरखड्यासह दोन विक्रेत्यांकडे तेच नाणे दिसले तर किमान एक, बहुधा दोन्ही खोटी समजावीत.

‘नाणे खणखणीत वाजणे’ हा आपला जुना निकष मात्र येथे वापरू नये. हजार वर्षे जमिनीत राहिलेली चांदी आतून स्फटिकासारखी ठिसूळ झालेली असू शकते, आणि फरशीवर वाजवलेली पेनी दोन तुकड्यांत हाती येऊ शकते.

काळे पडलेले नाणे घासून साफ करावे काय?

नाही. चिंच, राख, दंतमंजन किंवा चांदी चमकवण्याची पावडर यांपैकी काहीही लावू नये. तो काळसर थर नाण्याचे रक्षण करतो आणि त्याच्या अस्सलपणाची साक्षही देतो. मुंबई आणि कोकणातील दमट हवेत नाणी आम्लरहित कागदाच्या पाकिटात, सिलिका जेलची पुडी असलेल्या घट्ट डब्यात ठेवावीत. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात, कारण कालांतराने त्यांतून हिरवट चिकट द्रव्य सुटते. नाणे कायम कडेने आणि मऊ कापडावर धरावे.

आल्फ्रेड राजाचा भारताशी संबंध होता असे म्हणतात, ते खरे आहे काय?

अँग्लो-सॅक्सन इतिवृत्ताच्या काही प्रतींत ८८३ सालाखाली अशी नोंद आहे की आल्फ्रेडच्या वतीने सिगेल्म आणि अथेलस्तान यांनी रोमला आणि पुढे भारतात संत थॉमस व संत बार्थोलोम्यू यांच्याकडे दान नेले. एका प्रतीत त्या जागी ‘भारत’ नसून ‘जुडिया’ असा पाठ आहे. ते दूत खरोखर भारतात पोहोचले असे दाखवणारे एखादे नाणे पुढे आलेले नाही.

नाणी विकत न घेता अभ्यास करता येतो काय?

उत्तम प्रकारे करता येतो. फिट्झविल्यम संग्रहालयाने उभारलेली आरंभीच्या मध्ययुगीन नाण्यांच्या शोधांची नोंदसूची आणि पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा संग्रह महाजालावर विनामूल्य खुले आहेत. एखाद्या टांकसाळीची नाणी कोणत्या गावांत सापडली याचा नकाशा घरबसल्या तयार करता येतो. ब्रिटनमधील नाण्यांच्या संग्रहांची १९५८ पासून निघणारी सचित्र ग्रंथमालाही एक-एक नाणे समोर ठेवते. मराठीत अशा टिपणांची फार गरज आहे.

नाण्यासोबत आलेली जुनी पाकिटे आणि चिठ्ठ्या ठेवाव्यात काय?

प्रत्येक चिठ्ठी ठेवावी. पूर्वीच्या संग्राहकाने हाताने लिहिलेले वजन, खरेदीची तारीख, लिलावाचा क्रमांक आणि सापडल्याच्या गावाचे नाव यांपैकी काहीही दुसऱ्या मार्गाने पुन्हा मिळत नाही. त्यांच्या मागे आपली चिठ्ठी ठेवावी: नमुना, टांकसाळ, टांकसाळ्या, वजन, व्यास, विक्रेता, दिनांक आणि किंमत. शाई पुसट होत असल्याने ही नोंद शिसपेन्सिलीने करावी, छायाचित्रासह तिची एक प्रत संगणकात ठेवावी आणि घरातील एका माणसाला ती कोठे आहे हे सांगून ठेवावे.